कमानपाट्यावरची खोटी साल

मी मंगल लोहकरे, राहणार तळेघर. मंचरजवळच्या कारखान्यात जीपचे कमानपाटे बनतात, तिथं तपासणीला हाय. पाट्यावर बारीक छर्र्यांचा मारा करतात, म्हंजी वरची कातडी दाबून बसती अन् पाटा लवकर तडकत न्हाई. ती किती दाबलीय ते मी एक्स-रे मशीनवर मोजते. माझी सही असल्याबिगर माल गेटाबाहेर जात न्हाई.

खंडेनवमीला आमच्या जुन्या कामगारानं, गेणभाऊनं, घोळ घातला. मशिनी पुसल्या, हार घातले, ते ठीक. पण भल्या माणसानं माझ्या टेबलावरचे नमुन्याचे पाटेबी पॉलिशपेपरनं घासून लख्ख केले अन् वर हळदीकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी आकडा आला एकदम झकास. मला तिथंच खटकलं, कारण छर्र्यांचं मशीन त्या हप्त्यात धड चालतच नव्हतं. एक्स-रेला दिसती नुसती वरची साल, केसापेक्षा पातळ. घासलं की तेवढीच दाबली जाती.

मग मिठाच्या पाण्यात करंट सोडून ती साल काढली अन् परत मोजलं. आत दाब नव्हताच, उलटा ताण व्हता. असला पाटा भरल्या जीपखाली घाटात कवाबी मोडंल. त्या जीपमधी आमचीच माणसं असत्यात.

पाटा घासलाय, आकडा खोटा हाय, असं मी सांगितलं, तरी मालक रामनाथशेठ म्हणाले, "पयला आकडा लिव्ह. टेम्पो भरून उभा हाय."

"न्हाई लिव्हणार."

"तुझ्यावाचून अडतंय का काय? दुसरी बघीन."

माझं डोकंच सटकलं. "बघा की. तवर यातलाच पाटा तुमच्या गाडीला लावा, घरची समदी बसवा अन् चला घाटानं तळेघरला. मी म्होरं बसते."

शेठ मोबाईल चाळायला लागले. मग हळूच म्हणाले, "पाटा घासला, याला पुरावा काय? कुणी घासला?"

गेणभाऊ दारातच उभा व्हता. रिटायर व्हायला चार महिने राहिलेले. मी त्याचं नाव घेतलं न्हाई. कागदावर 'नापास' लिव्हलं, खाली माझं पुरं नाव.

गेणभाऊ आत आला. माझ्या हातातलं पेन घेतलं अन् माझ्या नावाखाली एकेक अक्षर काढत लिव्हलं, 'घासलं मी. गेणू तळपे.'

"शेठ, आता दोघांनाबी काढा," तो म्हणाला. "पण आदी टेम्पो खाली करा."