बिल्ला क्रमांक एक्केचाळीस

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एक संशोधक विद्यार्थी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला. तो बाहेर आलेला नाही.

दारावरच्या शिपायाने त्याचं ओळखपत्र खणात ठेवलं आणि त्याला एक्केचाळीस नंबरचा पितळी बिल्ला दिला. आत टेबलही त्याच नंबरचं. बिल्ला परत केला की ओळखपत्र मिळतं, अशी इथली पद्धत. इमारतीला दार एकच. खिडक्यांना जाळ्या आहेत.

संध्याकाळी सहाला खणात एक ओळखपत्र उरलं. शिपायाने आणि ग्रंथपालबाईंनी तिन्ही मजले पालथे घातले. टेबलावर दप्तर होतं, उघडा ग्रंथ होता. नोंदवहीत रकाने दोनच, ‘आत’ आणि ‘बाहेर’. शिपायाने सतरा वर्षांच्या सवयीने ‘आत’ लिहिलं आणि कुलूप लावलं.

तो एक शब्द निस्तरता आला नाही. पोलिसांनी दोनदा झडती घेतली, नोंदवही पाहिली आणि विद्यार्थी बेपत्ता आहे असं म्हणता येत नाही, असं कळवलं. दरम्यान, रोज सकाळी कुलूप उघडलं की मागणीच्या पेटीत त्याच्या अक्षरातली चिठ्ठी सापडे: पुढचा खंड हवा. बाई तो टेबलावर ठेवत. संध्याकाळपर्यंत पानखूण पुढे सरकलेली असे. सरकताना कोणी पाहिली नाही.

अकराव्या दिवशी त्याची थोरली बहीण आली. तिला धीर द्यायचा म्हणून शिपाई बोलून गेला, ‘‘ताई, पीएचडीवाले एकदा आत गेले की पाच-पाच वर्षं बाहेर येत नाहीत.’’ मग त्याने मान खाली घातली.

तिला भावाचं ओळखपत्र हवं होतं. ते दिलं की ‘बाहेर’ लिहिता येईल आणि पोलीस बाहेर शोध सुरू करतील. शिपायाने ते काढून तिच्या हातात दिलंही. तिने आईला फोन लावला.

‘‘ते नेऊ नकोस,’’ आई म्हणाली. ‘‘तो बिल्ला घेऊन दारात आला, तर त्याला काय देणार?’’

तिने ते परत खणात ठेवलं. शेजारी स्वतःचं ठेवलं. भावाशेजारच्या टेबलावर दिवसभर बसायचं तिने ठरवलं होतं. शिपायाने बेचाळीस नंबरचा बिल्ला दिला.

‘‘काका, सहा वाजले की हाक मारा.’’

‘‘मारतो.’’

सहाला त्याने हाक मारली. टेबलापाशी जाऊन मारली, मग जिन्यातून मारली. सव्वासहाला आईचा फोन आला, मुलगी निघाली का. शिपायाने खण पाहिला. आत दोन ओळखपत्रं होती.

‘‘आत आहे,’’ तो म्हणाला.

आज सकाळी पेटीत दोन चिठ्ठ्या होत्या. पहिलीवर बाराव्या खंडाची मागणी आहे. दुसरीचं अक्षर वेगळं आहे आणि तिच्यावर पुस्तकाचं नाव नाही. ‘काका, सहा वाजले का?’ एवढंच लिहिलं आहे.