आतून पांढरी
तिच्या पात्याखाली वाटाण्याच्या मुळावरची गाठ दुभंगली आणि आतून पांढरीच निघाली — जनुक काढलेल्या जीवाणूवर वाढवलेलं हे एकोणिसावं झाड... कामाची गाठ आतून गुलाबी असते, तिच्यातला जीवाणू हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतो. पांढरीतला मात्र आयतोबा, बसून नुसती झाडाची साखर खाणारा. ते एक जनुक जीवाणूतून काढलं तरी गाठ गुलाबीच राहते, असं तिनं सहा वर्षांपूर्वी छापलं होतं, त्या एका वाक्यावर ही प्रयोगशाळा उभी होती, आणि आज सकाळी तिची विद्यार्थिनी — सगळे तिला चिमणी म्हणतात — कागद पुढे ठेवून म्हणाली,

"मॅडम, तुम्ही वाळवून ठेवलेल्या जुन्या गाठींतले जीवाणू मी वाढवून पाहिले. त्यांच्यात ते जनुक आहे. म्हणजे त्या वेळी कुंड्यांत जनुक न काढलेला साधा जीवाणू मिसळला असणार."

"हात तरी नीट धुतेस का तू?"

"तीनदा केलंय, मॅडम."

त्या मऊ आवाजाचीच चीड आली. भांडली असती तर हाकलून तरी देता आलं असतं... सहा वर्षांपूर्वी सरही असेच मऊ बोलले होते. भरल्या सभागृहात म्हणाले, "गाठ गुलाबी आहे खरी, पण आत कोण आहे ते पाहिलंस का?" आणि मी, त्यांच्याच हाताखाली शिकलेली मी, म्हणाले, सरांना आता रंग नीट दिसत नसतील. लोक हसले. सरही हसले, जरा उशिरा. पुन्हा इथे फिरकले नाहीत.

तिनं हातमोजे ओरबाडून काढले आणि फोन लावला.

"सर... गाठी पांढऱ्या निघाल्या."

"हं. माझ्याही निघाल्या होत्या."

"कधी?"

"तुझा लेख आला, त्याच हंगामात."

"मग इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"एकदा बोललो होतो, बाई."

फोन तिनंच ठेवला. लबाड म्हातारा — मला खड्ड्यात चालताना बघत बसला... पण खड्डा खणला कोणी? शेजारच्या खोलीत चिमणी काचसामान विसळत होती, नळ सारखा वाहत होता, आणि तिकडे जाऊन ‘तुझंच बरोबर’ एवढं म्हणायचं हे ठाऊक असूनही तिला जाववेना, आणि राग तर अजून तसाच होता, फक्त आता तो कोणावर काढायचा ते कळेना.