मार्तंडाचा आकडा

मुलुंडच्या त्या गल्लीत कुणाचं काम फसलं की लोक म्हणायचे, 'मार्तंडाचा आकडा लागला.' गच्चीवर बांधलेलं प्लॅस्टिक वाऱ्याने उडालं, मार्तंडाचा आकडा. दुरुस्त केलेला पंप पुन्हा बंद पडला, मार्तंडाचा आकडा. शेजारचा सहदेव तर स्वतःच्या जावयालाही पाठीमागे मार्तंडाचा आकडाच म्हणायचा. नव्याने राहायला आलेल्यांना आधी वाटे, हा मटक्याचा काहीतरी प्रकार असावा. मग कुणीतरी हौसेने त्यांना सगळी गोष्ट सांगायचं आणि सांगून झाली की बोटाने दाखवायचं, तो बघा, पिशवी घेऊन चाललाय ना, तोच मार्तंड.

गोष्ट बहात्तर सालची. एका रविवारी मार्तंडचा थोरला भाऊ अण्णा नव्या बायकोला मागे बसवून मोटरसायकलवरून आरे कॉलनीत फिरायला निघाला होता. गाडी बापूंची, म्हणजे वडिलांची. लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी बीएसए. निघताना दिसलं की मागच्या ब्रेकच्या सळईची कॉटर पिन तुटली आहे. पिन म्हणजे एवढीशी दुमडलेली तार, पण ती नसली तर सळई पेडलला जोडणारी खीळ निसटते, सळई सुटते आणि पेडलवर कितीही पाय दाबला तरी चाकाला पत्ता लागत नाही. रविवार असल्याने दुकानं बंद. एकवीस वर्षांच्या मार्तंडने नव्या वहिनीच्या अंबाड्यातला एक आकडा मागून घेतला, त्याचे दोन्ही पाय खिळीच्या भोकातून घातले, पक्कडीने टोकं उलटी वळवली आणि म्हणाला, "उद्या नवी पिन टाकतो. तोवर याला काही होत नाही."

तासाभराने आरेच्या उतारावर गाडी दगडी कठड्यावर आदळली. अण्णाला खरचटलं. वनमालावहिनीचा डावा गुडघा कायमचा ताठ झाला.

"पेडल पोकळ गेलं," अण्णाने हॉस्पिटलात सगळ्यांना सांगितलं. "आकडा निसटला."

बापू कारखान्यात फिटर होते. मार्तंडला पक्कड धरायला त्यांनीच शिकवलं होतं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो गॅरेज काढणार होता, 'मार्तंड मोटर वर्क्स' असा बोर्डही रंगवून तयार होता. बापूंनी त्याच रात्री हत्यारांची पेटी कुलपात घातली आणि बोर्ड पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून पालथा टाकला. मार्तंड रेशनिंग ऑफिसात कारकून झाला. पुढे घरातला फ्यूज उडाला तरी बापू आतून ओरडायचे, "मार्तंडला हात लावू देऊ नका." शेवटच्या आजारात सलाईनची नळी दुमडली होती ती सरळ करायला मार्तंड उठला, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. ती हललेली मान मार्तंडला अजून दिसायची.

घरादारात एकच माणूस असं होतं, ज्याच्या तोंडून मार्तंडाचा आकडा हे शब्द कधी निघाले नाहीत. वनमालावहिनी. जिचा पाय गेला, तीच बोलत नाही, केवढं मोठं मन. त्या एका गोष्टीसाठी मार्तंड तिच्यापुढे चौदा वर्षं मान खाली घालून वागला.

आता अण्णाला कुठूनसं कळलं होतं की जुन्या मोटरसायकलींना भाव आला आहे. त्याच्या ऑफिसातल्या साहेबाने अशीच एक गाडी चकचकीत करून आणली होती आणि तिच्याभोवती माणसं गोळा झालेली अण्णाने पाहिली होती. झालं. दसऱ्याला आपलीही निघाली पाहिजे. दोन मेकॅनिक येऊन बघून गेले. एकाने तर शेडच्या दारातूनच हात जोडले. मग अण्णाला भाऊ आठवला.

"तूच कर रे," तो म्हणाला. "बापूंची पेटी घे. फक्त ब्रेकला हात लावू नकोस. ब्रेक आपण भांडुपच्या माणसाकडून करून घेऊ. राग मानू नकोस हां, वनमालाच्या मनाला जरा बरं वाटेल."

मार्तंडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पेटीची किल्ली समोर होती. त्याने ती उचलली.

भिंतीकडे तोंड करून उभी केलेली, मेणकापडाखाली गाडलेली ती गाडी त्याने बाहेर ओढली, तेव्हा सायलेन्सरमधून उंदराचं घरटं निघालं. टाकीत गंज होता, इंजिन गच्च बसलं होतं. प्लगच्या भोकातून तेल सोडून तो रोज ऑफिसातून आल्यावर किक हाताने थोडी थोडी दाबून बघायचा. आठवडाभराने ती केसभर हलली. वाकलेला पुढचा फोर्क त्याने कुर्ल्याहून सरळ करून आणला, टायर जुन्या बाजारातून. वायसर, स्प्रिंगा, नट, सगळं रॉकेलमध्ये बुडवून ब्रशाने घासलं. त्याचे हात काही विसरले नव्हते. याचा त्याला आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो संतापच. हे हात चौदा वर्षं रेशनकार्डांवर शिक्के मारत होते.

एका रविवारी सकाळी इंजिन सुरू झालं. पत्रे थरथरले. आवाज ऐकून सहदेव कुंपणाशी आला, थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "झकास चालते रे मार्तंड. पण थांबेल ना?"

अण्णा दारात उभा होता. तो हसला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

मार्तंडने इंजिन बंद केलं. दोघे गेल्यावर त्याने पान्हा उचलला आणि गाडीच्या डाव्या बाजूला फरशीवर आडवा झाला. भांडुपचा माणूस गेला खड्ड्यात. तो ब्रेक तोच उघडणार होता.

पेडलच्या मागे आरेच्या लाल मातीचा आणि ग्रीसचा नारळाएवढा गोळा चिकटून वाळला होता. त्याने तो पेचकसाने खरवडला, रॉकेलच्या फडक्याने पुसला. सळई दिसली. सळईच्या टोकाला खीळ दिसली. आणि खिळीच्या भोकातून आरपार गेलेला, टोकं उलटी वळवलेला, ग्रीसमध्ये जपून राहिलेला केसांचा आकडा दिसला.

तो हाताने पेडल दाबू लागला. पेडल कुरकुरलं, सळई ओढली गेली, मागच्या ड्रममध्ये गंजलेले लायनर चरचरले. आकडा जागचा हलला नाही. त्याने वळवला होता तसाच होता.

निसटला नव्हता. कधीच निसटला नव्हता.

चौदा वर्षांत कुणी वाकून बघितलं नव्हतं. अण्णाने बघायचा प्रश्नच नव्हता. पण बापू फिटर होते, त्यांनी बघितलं नाही. आणि मार्तंडने स्वतः बघितलं नाही. आरोपीनेच मुकाट्याने गुन्हा कबूल केल्यावर पंचनामा कोण करतो? शरमेने त्याने त्या मेणकापडाकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. रामाला निदान सांगून वनवासाला धाडलं होतं. याला घरात ठेवून, रोज दोन वेळ जेवू घालून धाडलं.

वहिनी चहा घेऊन आली. ताठ पाय ओढत ती नेहमीसारखी दाराच्या चौकटीला टेकली.

"वहिनी, हा तुमचाच ना?"

ती जवळ आली. वाकता येत नव्हतं म्हणून गाडीच्या सीटला धरून तिने मान तिरकी केली आणि पाहिलं. तिचा चेहरा जराही बदलला नाही. तेवढ्यावरून मार्तंडला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो," ती म्हणाली. "यांनी हँडल सोडून दिलं होतं. उतारावर सिगरेट पेटवत होते. मी म्हटलं, अहो धरा. तर हसले. ब्रेकवर पाय गेलाच नाही यांचा."

"मग बोलला का नाहीत?"

"लग्नाला दोन महिने झाले होते, भावजी. पाय असा झालेला. नवऱ्याला खोटं पाडून कुठे जाणार होते मी? माहेरी?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून त्याचा राग दुप्पट झाला. म्हणजे ते मोठं मन नव्हतं. तिला नुसती माहिती होती. ज्या गप्प राहण्यासाठी तो तिच्यापुढे मान झुकवत आला, त्याच गप्प राहण्याने त्याची मान कापली होती.

"चहा घेऊन जा," तो म्हणाला.

संध्याकाळी अण्णा आला तेव्हा मार्तंडने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि टॉर्च मारला. अण्णाने पाहिलं, उभा राहिला, पँटचे गुडघे झटकले.

"अरे, तेव्हा काहीतरी सांगावंच लागणार होतं. तिच्या माहेरची माणसं दारात उभी होती. तू लहान. तुला कोण काय म्हणणार होतं?"

"बापू म्हणाले मला. मरेपर्यंत म्हणाले."

"झालं गेलं. आता उकरून काय मिळणार?"

मार्तंडच्या हातातला पान्हा पत्र्यावर जाऊन आदळला. अण्णाच्या कानापासून तो वीतभर लांबून गेला, आणि तो लांबून गेला याचं मार्तंडला वाईट वाटलं.

"दसऱ्याला चारचौघांत सांगायचं," तो म्हणाला. "ज्यांच्यापुढे माझं नाव घालवलंस, त्यांच्यापुढे. तुझ्या तोंडाने."

"बरं, बघू," अण्णा म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने एक नवी कॉटर पिन आणून दिली. "तेवढी बदल. लोक बघतील." मार्तंडने लायनर नवे बसवले, स्प्रिंगा नव्या घातल्या, सळईला पॉलिश केलं. पिन मात्र पिंपावरच्या पालथ्या बोर्डवर तशीच पडून राहिली.

दसऱ्याच्या सकाळी गाडी अंगणात उभी होती. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर आपट्याची पानं. बापूंच्या पेटीलाही माळ होती, ती मार्तंडने घातली होती. गल्लीतली माणसं जमली. सहदेव नवा सदरा घालून पुढेच उभा होता. अण्णाने नारळ हातात घेतला आणि घसा खाकरला. मार्तंडचे कान त्या खाकरण्याला लागले होते.

"इंजिन आमच्या मार्तंडने केलं बरं का," अण्णा म्हणाला. "ब्रेक तेवढा बाहेरून करून घेतला. म्हणजे कुणाला भीती नको."

लोक हसले. सहदेव सगळ्यात मोठ्याने हसला. मार्तंड पुढे झाला. त्याला अण्णाच्या हातातला नारळ दिसत होता आणि तो कुठे फोडायचा हेही दिसत होतं.

तेवढ्यात वनमालावहिनी तबक घेऊन मध्ये आली. बाई कुंकू टाकीला लावणार म्हणून लोक बाजूला झाले. ती टाकीशी थांबलीच नाही. तबक तिने सीटवर ठेवलं, सीटला धरून ताठ पाय लांब पसरला आणि कशीबशी जमिनीवर बसली. पेडलच्या मागे हात घालून तिने त्या आकड्याला हळदकुंकू लावलं.

"काय करतेस?" अण्णा म्हणाला.

"हा माझा आकडा," ती सहदेवकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली. "भावजींनी लावलेला. तेव्हापासून इथेच आहे, वाकून बघा. ब्रेक काही सुटला नव्हता. हे हँडल सोडून सिगरेट पेटवत होते. ब्रेक यांनी दाबलाच नव्हता."

कुणी हसलं नाही. सहदेव खरोखरच वाकला, त्याने पाहिलं, आणि सरळ झाला तेव्हा तो कुणाकडेच बघत नव्हता. अण्णा हातातल्या नारळाची शेंडी सोलत राहिला.

"मला उठवा," वहिनी म्हणाली. मार्तंडने तिला उठवलं. "आता चालवा. मी बसते मागे."

चौदा वर्षांत ती दोन चाकांवर बसली नव्हती. ती एका बाजूला बसली, ताठ पाय रस्त्याकडे काठीसारखा निघालेला, आणि तिने मार्तंडच्या खांद्याला गच्च धरलं. त्याने किक मारली. अण्णाला बाजूला व्हावं लागलं. गल्लीतून गाडी निघाली, उताराला लागली, वेग धरू लागली. खांद्यावरची बोटं रुतली. कोपऱ्यावर मार्तंडने ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली.

मग तो मागे न बघता म्हणाला, "माझा राग गेलेला नाही, वहिनी. तुमच्यावरचाही."

"जाऊ देऊ नका," ती म्हणाली. "माझा तरी कुठे गेलाय. अजून एक फेरी मारा, त्यांना दारात उभं राहून बघू दे."