माळ कोणासाठी

खोताच्या वाडीत आमच्या घरासमोर क्रूस आहे. रोज संध्याकाळी ॲन्टोनेट तिथे माळेची प्रार्थना सुरू करायची. शेजारच्या चारदोन बायका यायच्या. त्यांची रीत अशी, की आजची माळ कोणासाठी ते आधी मोठ्याने सांगायचं. मी हिंदू, माझा त्याच्याशी संबंध नाही. पण आमचा व्हरांडा नेमका क्रूसासमोर येतो आणि मी काही बहिरी नाही.

ॲन्टोनेटची माळ कित्येक महिने एकाच कारणासाठी होती. तिचा मुलगा ज्यो संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. सुटून आला तेव्हा नोकरी गेलेली. ती नोकरी त्याच्या बापाने, व्हिक्टरने, साहेबाच्या हातापाया पडून मिळवली होती. त्याने मुलाला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. पोरगा घोडपदेवला मित्राच्या खोलीत राहू लागला. आमचं घर चळवळीतलं, त्यामुळे मला व्हिक्टरचा असा संताप यायचा की विचारू नका.

"आजची माळ माझ्या नवऱ्यासाठी," ॲन्टोनेट खणखणीत सांगायची. "देवा, त्याचं दगडाचं काळीज फोड. पोराला घरात घ्यायची बुद्धी दे त्याला."

आणि व्हिक्टर तिथेच समोर, आपल्या ओट्यावर, तोंडापुढे वर्तमानपत्र धरून बसलेला. बायका त्याच्याकडे तिरप्या डोळ्यांनी बघत. मला तर मजा यायची. भर वाडीत नवऱ्याची हजेरी घ्यायची आणि वर देवाचं नाव, ही युक्ती मला सुचली नसती.

एका संध्याकाळी मात्र तिने तोंड उघडलं आणि ती व्हिक्टरकडे बघतच राहिली. त्याने वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं होतं. डोळे मिटून तो बसला होता, मास्तरांपुढे छडीसाठी हात पुढे केलेल्या पोरासारखा.

"आजची माळ..." ॲन्टोनेट अडखळली. मग हळूच म्हणाली, "माझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी मी तिला नळावर गाठलं. "काय गं, दमलीस?"

"कौसल्या, मी देवाला सांगतच नव्हते गो," ती म्हणाली. "व्हिक्टरला ऐकवत होते. तो रोज ऐकायला बसतो. आत जाऊ शकला असता, पण बसतो."

"मग सोड आता ते."

"सोडू कशी? खरी माळ आता तर कुठे सुरू झाली."

तमाशा संपला तशा बायकाही पांगल्या. ही एकटी उभी राहायची. एरवी अर्धी प्रार्थना एकीने म्हणायची आणि उरलेली बाकीच्यांनी, असं चालतं. ही दोन्ही भाग स्वतःच म्हणायची. गिरगावात दगडफेक झाली त्या दिवशीही म्हणाली. रविवारी चर्चमधून परस्पर ज्योला भेटून यायची आणि संध्याकाळी पुन्हा क्रूसापाशी हजर. माझं म्हणाल तर माझा नवस आठवड्यात फळला नाही की मी देव बदलते. हिची चिकाटी बघून मला आधी चीड आली, मग नवल वाटलं, आणि पुढे पुढे दिवेलागणीला मीच तिची वाट बघू लागले.

तिच्या आवाजातली धार गेली होती. पूर्वी व्हिक्टरपुढे बशी आदळायची, आता चहा घेऊन त्याच्या शेजारी ओट्यावर बसायची. एकदा ऐकलं, "आजची माळ माझ्या नवऱ्यासाठी. त्याला झोप लागत नाही. झोप दे त्याला." मी आत जाऊन रडले. माझ्या नवऱ्यासाठी मी इतकं साधं कधी काही मागितलं नव्हतं.

त्यानंतर एका संध्याकाळी व्हिक्टर ओट्यावरून उतरला आणि क्रूसापाशी तिच्या बाजूला उभा राहिला. तिने माळ त्याच्या हातात दिली. आता त्यालाच सांगणं भाग होतं.

"आमच्या ज्योसाठी," तो म्हणाला. "आणि ज्योच्या बापासाठी."

प्रार्थना संपली आणि तो तसाच, घरातल्या कपड्यांत, घोडपदेवला गेला. ॲन्टोनेट त्याच्यामागे गेली नाही. क्रूसापाशीच थांबली.

बापलेक परत आले तेव्हा ज्योची पत्र्याची ट्रंक दोघांच्या मध्ये होती. एक कडी बापाच्या हातात, दुसरी मुलाच्या. ॲन्टोनेट क्रूसाच्या पायरीवर बसली. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

व्हिक्टर तिच्यापुढे उभा राहिला. सगळी वाडी बघत होती, पण आज त्याला त्याची पर्वा नव्हती. "वाटेत मला एक शब्द सुचला नाही, ॲना," तो म्हणाला. "तू सांग, काय बोलू त्याच्याशी?"

तिने पदराने तोंड पुसलं. "काही नको बोलू. घरात घे त्याला."

व्हिक्टरने ज्योच्या हातातली कडी सोडवून घेतली आणि ती जड ट्रंक एकट्यानेच उचलून आत नेली.