कण्हेरीचा काप

अठरावा कापही जाडच आला. मावशींनी तो ब्रशच्या टोकाने उचलून बशीतल्या पाण्यात सोडला आणि बटाट्याच्या दोन फोडींमध्ये कण्हेरीचं पान पुन्हा धरलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या एकतीस वर्षं पानांचे काप घेत होत्या. कापातून आरपार उजेड जायला हवा, तरच सूक्ष्मदर्शकाखाली उभ्या पेशींची दाट रांग, तिच्याखालचा विरळ थर, पाणी आणणारी शीर, सगळं सुटं दिसतं. हिवाळ्यापासून मात्र त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. कोणी आलं की त्या तो ओट्यावर दाबून धरत.

परीक्षा तासाभरावर आली होती. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी एक काप काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाची नळी वरखाली केली आणि काप परत बशीत सोडला. मॅडम इथल्याच विद्यार्थिनी. पहिल्या वर्षी बोट कापून रडत बसल्या होत्या, तेव्हा मावशींनीच हात धरून ब्लेड चालवायला शिकवलं होतं.

"मावशी, मी तयार काचपट्ट्या मागवल्यात," मॅडम हळूच म्हणाल्या. "आठवडा झाला. तुम्हाला कसं सांगावं कळत नव्हतं."

"कपाट मीच पुसते ना," मावशी म्हणाल्या. "बघितला मी खोका."

परीक्षा त्या खोक्यावरच उरकत आली. मावशी कोपऱ्यात स्टुलावर बसून होत्या. पण बाहेरून आलेले परीक्षक तयार काप बघून कंटाळले असावेत. शेवटच्या मुलीला त्यांनी स्वतः काप घेऊन दाखवायला सांगितलं. वर्षभर मुलांना काप मावशीच घेऊन देत आल्या होत्या. मुलीचे चार काप वाया गेले आणि तिचे डोळे भरून आले.

मावशी उठून तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या, हात पाठीशी बांधून. परीक्षकांनी वर पाहिलं, पण हटकलं नाही.

"ब्लेड ओलं कर. दाबू नकोस, आपल्याकडे ओढ. एका दमात."

पाचवा काप पाण्यावर तरंगला, जेमतेम दिसेल इतका पातळ. परीक्षकांनी तो पाहिला आणि या पानाची छिद्रं कुठे असतात ते विचारलं. मुलगी म्हणाली, खालच्या बाजूला, केसाळ खळग्यांत. पानाला हवा तिथूनच मिळते, पण पाणीही तिथूनच उडतं, म्हणून ती आडोशाला असतात. परीक्षकांनी मान डोलावली.

सगळं आवरल्यावर मॅडमनी विचारलं, हात डॉक्टरांना दाखवला का. मावशी म्हणाल्या, दाखवते सोमवारी. मॅडमना ते खरं वाटलं नाही, पण त्यांनी ताणून धरलं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना काप घ्यायला तुम्हीच शिकवा, एवढं मात्र म्हणाल्या. मावशी "बघू" म्हणाल्या.

मग त्या मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन टेकल्या. आवारात चिटपाखरू नव्हतं. उजवा हात मांडीवर होता. त्यांनी तो दाबून धरला नाही. थरथरू दिला.