कोठाराची शिडी

सुनेने शिडी उचलून भिंतीशी आडवी ठेवली, हात झटकले आणि ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. सासरे वर कोठारात होते. घरचा नियमच होता तसा. माणूस वर चढलं की खालच्याने शिडी काढून ठेवायची, नाहीतर तिच्यावरून उंदीर चढलेच म्हणून समजा. उतरायची वेळ झाली की वरच्याने हाक मारावी.

कोठार बांधलं होतं सासऱ्यांच्या पणजोबांनी, आणि त्यांचा उंदरांवर जेवढा राग होता तेवढा भाऊबंदांवरही नसावा. अख्खी इमारत त्यांनी दगडी पायांवर उचलून धरली होती, खालून माणूस ताठ चालत जाईल एवढी उंच. प्रत्येक पायाच्या डोक्यावर बाहेर पसरलेली गोल दगडी टोपी. उंदीर पाय चढून आला तरी टोपीखाली येऊन अडकणार आणि आल्या वाटेने परत जाणार. पायरी म्हणून एक नाही. आत दोन्ही बाजूंना धान्याचे कप्पे, त्यांच्या पुढच्या फळ्या खाचेतून एकेक करून वर ओढायच्या. दाराला खाली मांजरापुरतं भोक होतं. आता शिडीशिवाय मांजराने वर जायचं कसं, हे पणजोबांनी बहुधा मांजरावरच सोपवलं असावं.

गेल्या वर्षी सासरे अंगणात पाय घसरून पडले, तेव्हापासून मुलाने त्यांना शिडी बंद केली होती. म्हणून मुलगा शेतावर गेला की सासरे आणि सून दोघं मिळून ही चोरी करत. ती शिडी धरायची, ते चढायचे आणि वर झाडझूड करत बसायचे. तिला त्यात काही वावगं वाटत नसे. खरं सांगायचं तर या घरात आल्यावर सगळ्यात आधी आपलं कुणी वाटलं असेल, तर ते हे सासरेच.

त्या दिवशी मात्र घोटाळा झाला. कोंबड्यांचं होतंय तोच गाय दावं तोडून पळाली. सून तिच्यामागे धावली ती पार ओढ्यापर्यंत, आणि सासरे वर आहेत हे साफ विसरली. गाय घेऊन परतली तर नवरा कोठारासमोर उभा, आणि वर उघड्या दारात सासरे पाय खाली सोडून बसलेले, जसे काही तिथंच राहायला आलेत.

"बाबा वर आणि शिडी खाली? काय म्हणू आता तुला?" नवरा म्हणाला.

"मग काय लावून ठेवायची होती? उंदीर चढले असते," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

नवऱ्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्याच्या ओठावर काय आलं होतं ते तिला नेमकं ठाऊक होतं. त्या कोठारात कित्येक वर्षांत दाणा पडला नव्हता. माल शेतातूनच ट्रकमध्ये भरला जायचा आणि परस्पर गिरणीला जायचा. तरी दर हंगामाआधी सासरे कप्पे झाडत, फळ्या पुसत, फटी बुजवत. कोठार रिकामं आहे, हे एक वाक्य घरात कुणीही त्यांना कधी ऐकवलं नव्हतं. ते रागाच्या भरात नवऱ्याच्या तोंडून निघू नये, एवढीच तिची इच्छा होती. म्हाताऱ्याचा उतरलेला चेहरा तिला बघवला नसता.

दुसऱ्या दिवशी मुलाने गवंड्याला आणलं. बाबांना वर जायची हौस आहे ना, मग सुखाने जाऊ देत, चांगला कठड्याचा दगडी जिनाच बांधून टाकू, असं त्याचं म्हणणं. मनाने तो वाईट नव्हता, बोलणं तेवढं तिरसट. सासरे जिन्याच्या जागेवरच उभे राहिले आणि हलेनात. जिना म्हणजे उंदरांना आमंत्रण, असं त्यांनी सांगून टाकलं. गवंड्याने तोड काढली की शेवटची पायरी आणि उंबरा यांत हातभर अंतर सोडतो, उंदराची उडी पोचायची नाही. आमच्याकडचे पोचतात, सासरे म्हणाले. गवंडी हसला. मुलाचे कान लाल झाले.

"बाबा, उंदरांना खायला वर आहे का..."

"अहो," सून मध्येच म्हणाली. एवढंच, पण अशा सुरात की तो थांबला.

सासऱ्यांनी दोघांकडे पाहिलं.

"बोलू दे की त्याला. वर दाणा नाही. कप्पे मीच झाडतो, मला दिसत नाही होय?"

सुनेने मान खाली घातली. इतकी वर्षं आपण यांना जपलं, आणि हे बिचारे आपल्याला जपत बसले होते.

"मग जिन्याला नाही का म्हणता?" मुलाने विचारलं. त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

सासरे दगडी टोपीवरची धूळ तळहाताने पुसत राहिले.

"जिना कुणीही एकटा चढतो. शिडीला खाली माणूस लागतं. आधी तुझी आई धरायची, आता ही धरते. जिना झाल्यावर मी वर गेलो काय आणि न गेलो काय, कोण येणार आहे बघायला?"

तक्रारीचा सूर नव्हता त्यात. उद्या ऊन पडेल, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. गवंड्याने मापाची दोरी गुंडाळून खिशात घातली आणि पुन्हा कधीतरी येतो म्हणून तो निघून गेला.

मुलाने वर कोठाराच्या दाराकडे पाहिलं.

"आई खाली उभी राहून काय करायची हो?"

"करायची काय, रागवायची. आधी शिडी काढून घ्यायची, मग चार दिवसांचं साठलेलं सगळं खालून सुनावायची. मी जातोय कुठे?"

सुनेला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले, म्हणून ती उगाच गायीकडे वळली. मुलाने भिंतीशी पडलेली शिडी उचलली, उंबऱ्याला नीट टेकवली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"चढा," तो म्हणाला. "मलाही बरंच सुनावायचंय तुम्हाला."