फोटोत न आलेल्या विटा

“इटा तुमीच काढाले लावल्या, साहेब! माणसाचा हात गाडीखाली असताना!”

हेमराज मिस्त्री मंचासमोर उभा राहून ओरडला, तशी मंडईतली ढोलकी थांबली. साहेब म्हणजे मंडईचे ठरलेले प्रमुख पाहुणे; माइकवर त्यांचा नेहमीचा किस्सा नुकताच संपला होता. दिवाळी झाली की इकडं रोज एका गावात मंडई, म्हणजे नाच-नाटकांची जत्रा भरते, आणि जिथं सत्कार तिथं साहेबांचा किस्सा ठरलेला. “आसगावच्या मिस्त्रीनं माझी गाडी अशी उचलली, की थकला बैल बसावा तशी बसली!” लोक हसायचे. शाल घेतलेल्या माणसाच्या विनोदाला लोक हसतातच.

किस्सा हेमराजच्या आधी गावात पोचायचा. चहाच्या टपरीवर सत्यभामाबाईसुद्धा म्हणाली, “मिस्त्री, चहा घे, पण माह्या शेगडीले हात नको लावू बाप्पा, बसन ते!”

किस्स्यात राजकुमारचा हात मात्र कधी येत नव्हता. राजकुमार हेमराजचा मेहुणा. आसगावच्या दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या खेळात, ढोलकी त्याचीच. आता उजव्या हाताला पट्टी होती आणि ढोलकी दुसऱ्याच्या गळ्यात होती. हेमराजची बायको चंद्रकांता, राजकुमारची सख्खी बहीण. जेवण वाढताना ती एवढंच म्हणाली होती, “साहेब खोटं कायले बोलतीन जी?” हेमराजला साहेबांच्या किस्स्यापेक्षा तेच जास्त लागलं होतं.

झालं होतं ते असं. साहेबांची लाल, दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार. नागपूरहून तिला फायबरचे रुंद पत्रे बसवून आणलेले, इतके खाली की जॅक लावायची जागाच झाकून गेलेली. आसगावात मागचं चाक पंक्चर झालं. फायबरला जॅक लावला तर ते फुटतं, म्हणून हेमराजनं गाडी धान वाळवायच्या सिमेंटच्या अंगणात ढकलत आणवली. पोटावर झोपून फायबरच्या मागची लोखंडी चासी शोधली, मध्ये लाकडाचा ठोकळा दिला. हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो, ती उचलली की त्याचा काही उपयोग नसतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या. अंगणाला पाणी निथळायचा थोडा उतार होता. “घोडी लावल्याशिवाय गाडीले कोणी हात नाही लावाचा,” असं बजावून त्यानं जॅक मारला. राजकुमार लोखंडी घोडी, गाडीला खालून टेकू द्यायचा स्टँड, आत सरकवत होता.

तेवढ्यात पुढून साहेबांचा आवाज आला. “अरे, फोटोत इटा दिसून राहिल्या! करा बाजूले, गाडीची शोभा जाते!”

“हात नका लावू!” हेमराज ओरडला. पण मंडईच्या पाहुण्याचा शब्द आसगावात कोण मोडणार? कमिटीच्या लोकांनी पायानं विटा सरकवल्या. गाडी पुढं सरकली, जॅक कलंडला, राजकुमार किंचाळला. फोटो निघालाच होता.

आज मंचाशेजारी तीच गाडी फोटोसाठी उभी होती. साहेब हार घालून घेत होते तेवढ्यात हेमराजनं ती उचलली होती. चाकांना विटा, चासीखाली ठोकळा, दोन्ही बाजूंना घोड्या. लोकांना वाटलं, साहेबांनीच सांगितलं असेल.

“याले बाहेर काढा रे!” साहेब माइकमध्येच म्हणाले.

हेमराज बाहेर गेला नाही. तो गाडीखाली शिरला, छातीपर्यंत. खालून त्याचा आवाज आला. “याच्याखाली आता मी हाव. ज्याले माह्या जॅकवर हसाचं हाय त्यानं मोठ्यानं हसा. अन् साहेब, तुमी या, काढा इटा. तुमाले तर सवय हाय!”

कमिटीचे दोघे पुढं झाले. एकाचा पाय विटेकडं गेलाही.

“पाय मोडीन तुहा!”

चंद्रकांता बायांच्या गर्दीतून उठून आली होती. तिनं आपला पाय विटेला घट्ट लावला, आणि राजकुमारला दंडाला धरून पुढं ओढलं. राजकुमार बहिणीकडं बघत हळूच म्हणाला, “मी आयकलं होतं, बाई. साहेबाचाच आवाज होता. माह्यावर कोण इस्वास ठेवीन म्हणून गप्प होतो.”

चंद्रकांतानं नवऱ्याच्या गाडीबाहेर राहिलेल्या पायांकडं एकदा पाहिलं. मग मान वर करून मंचाकडं.

“याच्या ह्या हातानं तुमच्याच सत्कारात ढोलकी वाजवली होती, साहेब. आता किस्सा पुरा सांगा. माइक हातातच हाय तुमच्या. इटा काढा म्हणून कोणं सांगितलं? माह्या भावाकडं पाहून बोला!”